बोलण्याआधीची गोळी

मोठ्या सिस्टर विद्यापीठात पहिल्यांदा वर्गापुढे उभ्या राहिल्या, त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकही पूर्ण वाक्य बाहेर पडलं नाही.

विषय अगदी हातचा होता. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीला होणाऱ्या जखमा. अशी माणसं या कुशीवरून त्या कुशीवर वळवण्यातच सिस्टरांची नोकरीतली वर्षं गेली होती. पडद्यावरची चित्रं लेकीने करून दिली होती, आरशापुढे उभं राहून म्हणूनही झालं होतं. पण नाव पुकारलं गेलं, त्या बाकांमधून पुढे गेल्या, वळल्या, आणि इतका वेळ ज्यांचे नुसते केस दिसत होते त्या सगळ्या डोक्यांना एकदम चेहरे फुटले. जीभ टाळ्याला चिकटली. हातात भिंतीवर लाल ठिपका पाडणारं ते पेनासारखं यंत्र होतं. ते पडद्यावर रोखलं तर ठिपका असा नाचायला लागला, की मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. हात थरथरतोय हे एरवी ज्याचं त्यालाच कळतं. इथे ते अख्ख्या भिंतीवर दिसत होतं.

"सुरुवातीला... मी..." एवढं म्हणून सिस्टर थांबल्या. वरचा पंखा करकरत होता. वर्गातलं कोणी खोकलं. "माफ करा," असं त्या पुटपुटल्या आणि जागेवर येऊन बसल्या.

विभागप्रमुख मॅडम कडक होत्या, पण खाष्ट नव्हत्या. त्यांना खरोखरच नवल वाटलं. "सिस्टर, तुम्हाला तर एवढ्या वर्षांचा अनुभव आहे ना?" त्यांनी विचारलं.

विचारलं सरळ मनाने, पण लागायचं तिथे लागलं.

सिस्टरांच्या वॉर्डातल्या कोणाला हे सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. वॉर्डात मोठ्या सिस्टर म्हणजे शेवटचा शब्द. आवाज चढवून त्या कधी बोलल्या नाहीत, पण त्यांनी "बसा" म्हटलं की भांडायला आलेला नातेवाईकसुद्धा बसायचा. कोणाचं माणूस गेलं की तरुण डॉक्टर दाराशी घुटमळायचे आणि सिस्टरांना पुढे करायचे. त्या बाकावर शेजारी बसायच्या, हात हातात घ्यायच्या, आणि जे सांगायचं ते आडवळण न घेता सांगायच्या. त्या बोलण्याची त्यांना कधी भीती वाटली नाही. इथे वर्गात, जिथे कोणाचंही काही जाणार नव्हतं, तिथे मात्र शब्द फुटत नव्हता. असं का, हे त्यांनाही कळत नव्हतं. लहानपणी काही झालं होतं म्हणावं, तर तसंही काही आठवत नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर शिकायचं खूळ त्यांनी उगीच डोक्यात घेतलं नव्हतं. गुडघे बोलायला लागले होते, वॉर्डातली धावपळ आता फार दिवस झेपणार नव्हती. नव्या मुलींना शिकवावं असं फार मनात होतं, कारण नव्या मुली रुग्णाला पलंगावर सरकवताना चादरीसारखं ओढतात, हे पाहून त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. पण पदवीशिवाय शिकवायला कोण घेणार? म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात, आपल्या लेकीच्या वयाच्या पोरांमध्ये त्या येऊन बसल्या होत्या.

त्या दिवशी घरी आल्यावर लेकीने चेहऱ्यावरून ओळखलं. "आई, एक युक्ती सांगू? समोर सगळे कोबीचे गड्डे ठेवलेत असं समजायचं."

"कोबीला मी कशाला घाबरू? पण कोबी प्रश्न विचारत नाही गं," सिस्टर म्हणाल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांचे चेहरे रोज बघतो मी. अगदी तसा झालाय तुझा."

"मग त्यांना तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, दार ओढू नका, मी वर येतोय. पण तुझ्या बाबतीत कुठे यायचं तेच कळत नाही बघ."

सगळे हसले. सिस्टरही हसल्या. पण मग पुढच्या सेमिनारची तारीख फळ्यावर लागली. वॉर्डात हातातलं काम सोडून त्या खिडकीशी उभ्या राहायला लागल्या. फी भरलेली, वर्गासाठी पाळ्या बदलून घेतलेल्या, तरी "नाव काढून टाकावं" हे शब्द ओठांवर यायला लागले.

दुसऱ्या सेमिनारच्या दिवशी त्या वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन मागच्या जिन्यात उभ्या राहिल्या. तिथे कोणी फिरकत नसे. जिन्याला लागूनच स्वच्छतागृह होतं. आतून कोणीतरी भडाभडा ओकत असल्याचा आवाज आला. मग नळ सुटला. आणि तोंड पुसत बाहेर आला तो त्यांच्याच वर्गातला मुलगा, ज्याला सगळे आकडेबुवा म्हणायचे.

आकडेबुवा वर्गातला सगळ्यात हुशार. अंगाने काडी, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. कुठल्याही आजाराचे आकडे त्याच्यापुढे टाका, तो त्यातून गोष्ट काढून दाखवायचा. आधीच्या सेमिनारात तो न अडखळता, थोडं यंत्रासारखं, पण नीट बोलला होता. सिस्टरांना त्याचा हेवा वाटला होता.

"अरे, बरं नाही का तुला?"

"नाही हो सिस्टर. माझं नेहमीचंच आहे." तो ओशाळला. "आज माझाही नंबर आहे ना."

"तू? तू तर किती छान बोलतोस."

"मी नाही बोलत. ही बोलते." त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "आजोबांची आहे, रक्तदाबाची. एका सीनियरने सांगितलं. तासभर आधी घ्यायची. छातीतली धडधड थांबते, हात कापत नाहीत. मन घाबरतंच, पण अंगाला ते कळत नाही."

सिस्टरांनी पाकीट हातात घेतलं. नाव वाचायचीही गरज नव्हती, ती गोळी त्या वॉर्डात रोज द्यायच्या. ती देण्याआधी विचारायचा पहिला प्रश्नही त्यांना पाठ होता. नव्या मुलींकडून तो त्यांनी घोकून घेतला होता: रुग्णाला दमा आहे का? लहानपणी होता का? दम्याच्या माणसाला ही गोळी दिली तर श्वासाच्या नळ्या आवळतात.

प्रश्न जिभेवर आला होता. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी तोंडातून निघालं.

"मला एक देतोस?"

मुलाने पाकीट पुढे केलं. आपल्यासारखं कोणीतरी भेटलं, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. सिस्टरांनी गोळी घेतली, पाण्याच्या बाटलीतल्या घोटाबरोबर गिळली. दोघं जिन्याच्या पायरीवर नंबर यायची वाट बघत बसले.

गोळीने काम केलं. भीती होती, पण ती शेजारच्या खोलीत बसल्यासारखी होती, भिंतीपलीकडून तिची कुजबुज ऐकू येत होती एवढंच. हात स्थिर राहिला. जखम दिसण्याआधी कातडी कशी बोलते, बोटाने दाबून कसं ओळखायचं, हे सिस्टरांनी सगळं सांगितलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मान डोलावली. घरी लेकीने मिठी मारली, नवऱ्याने "लिफ्ट सुरू झाली म्हणायची!" म्हणून मोठ्याने हसत टाळी दिली. सिस्टरांनी गोळीचं कोणालाच सांगितलं नाही. आनंद त्यांना झाला, पण तो कोणाकडून तरी मागून आणलेल्या साडीसारखा वाटत राहिला.

पुढच्या सत्रात आकडेबुवाचा मोठा सेमिनार होता. विषय होता रुग्णालयांतलं पिण्याचं पाणी. बाहेरचे परीक्षक येणार होते, मोठं सभागृह घेतलं होतं. एक गोळी आता पुरत नाही असं तो मध्ये एकदा सिस्टरांना म्हणाला होता. सिस्टर "जपून रे बाबा" एवढंच म्हणाल्या होत्या. यापुढे त्या काय बोलणार? त्यांच्याही पर्समध्ये त्याच पाकिटाचा अर्धा तुकडा होता.

तो दोन गोळ्या घेऊन मंचावर गेला. सुरुवात बरी झाली. मग तो वाक्याच्या मधेच थांबायला लागला. लोकांना वाटलं, घाबरला. मॅडम म्हणाल्या, "सावकाश, घाई नाही." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तो न पिताच खाली ठेवला. खांदे वर चढायला लागले. सिस्टर तिसऱ्या रांगेत होत्या. तिथून त्यांना त्याच्या गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जाताना दिसला, आणि त्या उठल्या. आकडेबुवा खाली कोसळला तेव्हा त्या अर्ध्या वाटेवर होत्या.

"सरका सगळे! आडवा नका करू त्याला, बसवा. खिडक्या उघडा. कोणाकडे दम्याचा पंप आहे का? अँब्युलन्स बोलवा, तुम्ही, हो, तुम्हीच, आत्ता!"

परीक्षकांपैकी एक मोठे डॉक्टर होते, तेही निमूटपणे खिडकी उघडायला धावले. सिस्टरांनी मुलाला आपल्या छातीशी टेकवून बसवलं, वरचं बटण सोडलं. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तो राहिलेला प्रश्न त्यांनी आता विचारला, "दमा होता तुला? लहानपणी?"

त्याने डोळ्यांनीच हो म्हटलं.

एका मुलीने पर्समधला पंप आणून दिला. त्याचा उपयोग फार झाला नाही, गोळीपुढे तो तोकडाच पडतो. पण अँब्युलन्स लवकर आली. त्याच्या पोटात काय गेलंय आणि किती, हे सिस्टरांनी चढता चढताच सांगितलं. त्याची नखं निळी पडत चालली होती. रुग्णालय येईपर्यंत त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

मुलगा वाचला.

त्याची आई पडदे शिवायची. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच ठेवून ती धावत आली होती. अतिदक्षता विभागाच्या बाहेर, भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सिस्टर तिच्याशेजारी बसल्या. असं बसून त्या किती जणांशी बोलल्या होत्या! पण आज पहिल्यांदाच त्या स्वतःबद्दल सांगणार होत्या.

"बोलायची वेळ आली की तो ओकतो, मग या गोळ्या घेतो, ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दमा असेल तर या गोळ्या विषासारख्या, हेही माहीत होतं. मी त्याला विचारलं नाही."

"का?" आईने विचारलं.

"कारण मला त्यातली एक हवी होती. विचारलं असतं तर दोघांच्याही बंद कराव्या लागल्या असत्या."

त्या बाईने समोरच्या बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही माहीत. मी त्याची आई, मला तर तो ओकतो हेसुद्धा आत्ता कळलं." तिने डोळे पुसले नाहीत, कारण रडू आलंच नव्हतं. मग पायाशी ठेवलेली पिशवी उचलून तिने सिस्टरांच्या मांडीवर ठेवली. "जरा धरता का ही? आत विचारून येते, कधी बघू देतात ते."

माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही. सिस्टर पिशवी धरून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. "सिस्टर, काल काय आवाज होता तुमचा! अख्खं सभागृह हलवलंत. आता कसली भीती?" सिस्टरांनाही क्षणभर तसं वाटलं. तास सुटल्यावर त्या रिकाम्या वर्गात मुद्दाम पुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोन मैत्रिणी बाकावर मागे राहिल्या होत्या, त्यांच्याकडे बघून बोलायला तोंड उघडलं, आणि जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. तेव्हा त्यांना उमगलं. काल सगळे त्या मुलाकडे बघत होते, आणि त्याही त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. वॉर्डातही तसंच असतं, तिथे बघायचं असतं ते रुग्णाकडे. वर्गात मात्र बघायला त्या एकट्याच उरायच्या.

त्या तशाच मॅडमच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं आणि गोळीचं सगळं सांगितलं. आपल्या गोळीचंसुद्धा.

मॅडमनी चष्मा काढला. "हे मला सांगायची गरज नव्हती, सिस्टर. मला आता ते वर कळवावं लागेल."

"कळवा."

"आणि मी करू काय? सेमिनार बंद करू? उद्या तुमच्या हाताखालच्या एखाद्या मुलीला दिसलं की डॉक्टर चुकीचं औषध देतोय, आणि तिचं तोंड उघडलं नाही तर? बोलायला तर यायलाच हवं ना?"

"यायलाच हवं. बंद करा म्हणत नाहीये मी." सिस्टरांचा आवाज इथे कापत नव्हता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "पण पोरगं दर वेळी ओकतंय, गोळ्या खातंय, आणि वर्गात कोणाला पत्ता नाही. आम्ही एकमेकांना सांगत नाही, कारण लाज वाटते. ताप आला तर सांगतो की नाही? मग हे का लपवतो? मला एक खोली द्या. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी."

सिस्टरांच्या नावावर ताकीद लागली. ती त्यांनी सही करून घेतली. आणि जिथे जुने नकाशे गुंडाळून ठेवले होते त्या खोलीची किल्लीही मिळाली.

पहिल्या दिवशी मोजकीच मुलं आली. येताना जो तो मागे वळून बघत होता, कोणी बघत तर नाही ना म्हणून. खुर्च्यांवर बसली आणि कोणी बोलेचना. सगळेच न बोलणारे, तिथे सुरुवात कोण करणार? शेवटी एक जाडसा मुलगा म्हणाला, "सभा तर अगदी शांततेत पार पडतेय," आणि सगळे इतके हसले, की बाहेरून जाणाऱ्या शिपायाने दार उघडून पाहिलं. मग हळूहळू एकेकाने सांगितलं. एकीला बोलताना स्वतःचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटायचा. एकाच्या डोळ्यांपुढे अक्षरं पोहायची. त्या जाड्याला घाम इतका यायचा, की तो सेमिनारला काळा शर्टच घालायचा. सिस्टरांनी आपलं सांगितलं आणि मग आकडेबुवाचंही सांगितलं, त्याला विचारून. गोळ्या कोणीही आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, फार त्रास होत असेल तर डॉक्टरकडे जायचं, सोबत मी येते, असं त्या म्हणाल्या. दोघं खरंच गेली त्यांच्याबरोबर.

बाकी तिथे फार मोठं काही घडायचं नाही. उभं राहायचं, एकच वाक्य बोलायचं, बसायचं. पुढच्या आठवड्यात दोन वाक्यं. कधी कोणी रडायचं. एक मुलगी चार वेळा आली आणि मग यायची थांबली.

शेवटच्या परीक्षेला सिस्टर गोळीशिवाय उभ्या राहिल्या. उत्तम बोलल्या असं म्हणता येणार नाही. आवाज फाटला, एक पान वगळलं गेलं, ब्लाउज पाठीला चिकटला. मध्यावर त्यांनी ते ठिपक्याचं यंत्र टेबलावर ठेवून दिलं आणि पडद्याशी जाऊन बोटानेच दाखवायला लागल्या. परीक्षकांनी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर येत नव्हतं. "मला माहीत नाही," असं त्या म्हणाल्या आणि जमीन दुभंगली नाही. गुण बेताचेच पडले. पदवी मिळाली. पुढच्या वर्षी त्या परिचारिका विद्यालयात शिकवायला लागल्या.

आकडेबुवा मात्र परत आला नाही. बरा झाल्यावर त्याने वर्ष सोडलं, मग नावच काढून घेतलं. शहराबाहेरच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळालं, असं कळलं. सिस्टर एका सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी गेल्या. आई खिडकीशी मशीनवर होती, जमिनीवर निळ्या कापडाचा ढीग पडला होता. तिने मशीन न थांबवता "या" म्हटलं. मुलगा अंगाने थोडा भरला होता. वरचं बटण मोकळं होतं.

"कसं आहे काम?"

"छान आहे, सिस्टर. बाटल्या येतात, तपासायच्या, आकडा लिहून द्यायचा. कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही."

"तुझ्या त्या पाण्याच्या कामाची आठवण मॅडम अजून काढतात. परत आलास तर घेतील त्या. आता ती खोलीही आहे. मी असते तिथे दर आठवड्याला."

तो हसला. "तुमची भीती गेली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," सिस्टर म्हणाल्या. "दर सत्राच्या पहिल्या तासाला जीव गोळा होतो. पहिली काही मिनिटं फार वाईट जातात. मग पुढे जमतं."

"मला ती पहिली मिनिटंच नकोत, सिस्टर." त्याने ते न रागावता सांगितलं, जसं कोणी चहात साखर नको म्हणून सांगतं. "एकदा श्वास बंद झाला ना, की माणूस कशासाठी किती घाबरायचं ते ठरवतो. मी ठरवलं."

सिस्टरांकडे त्याला सांगण्यासारखं खूप होतं. तुझ्यासारखं डोकं वाया जातंय, त्या पाण्यामुळे माणसं आजारी पडतात हे तुझ्याइतकं कोणाला कळत नाही, आणि नुसता आकडा लिहून कोणी ऐकत नाही, तो कोणीतरी उभं राहून सांगावा लागतो. सगळी वाक्यं तयार होती, एकही अडखळणारं नव्हतं. मशीन थांबलं होतं. आई दाताने दोरा तोडून त्यांच्याकडे बघत होती.

"नको असतील तर नको," सिस्टर म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्या तेच घोळवत राहिल्या. त्याचं म्हणणं पटलं म्हणून आपण गप्प बसलो, की त्याला काही सांगायचा हक्क आपण त्या जिन्यातच घालवून बसलो होतो म्हणून, हे त्यांना उतरायची वेळ आली तरी ठरवता आलं नाही.